आधी वेस, मग बाहुल्या : घरात बाहुल्यांचं राज्य कसं वसवावं

बाहुली करायला शिकवणारे व्हिडिओ पैशाला पासरी आहेत. मोज्याला दोन बटणं शिवा, लोकरीचे केस चिकटवा, झाली बाहुली. दोन दिवस घरभर तिचं कौतुक होतं आणि तिसऱ्या दिवशी ती सोफ्याखाली सापडते. तिला राहायला गाव नसतं, शेजारी नसतात, कसली अडचण नसते. मग पोरं तिच्याशी खेळणार तरी काय? म्हणून या लेखात एकेकटी बाहुली नाही, अख्खं राज्य वसवायचं आहे. घरात, बालवाडीत, सोसायटीच्या जिन्याखाली, कुठंही चालेल.

नमुना म्हणून डोळ्यापुढे ठेवायचं ते अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं. तिथं फ्रेड रॉजर्स नावाचे गृहस्थ 'मिस्टर रॉजर्स नेबरहुड' ही मुलांची मालिका करत. १९ फेब्रुवारी १९६८ ला ती देशभर दिसू लागली आणि तिचा शेवटचा नवा भाग ३१ ऑगस्ट २००१ ला लागला. त्यात एक बाहुल्यांचं राज्य होतं. हुकूम सोडायची हौस असलेला राजा फ्रायडे तेरावा, बुजरा पट्टेदार वाघ डॅनियल, झाडात राहणारं एक्स नावाचं घुबड, त्याच्या शेजारची हेन्रिएटा मांजर, सगळ्यांच्या खोड्या काढणारी लेडी इलेन. बाहुल्या म्हणाल तर अगदी साध्या, हातात घालायच्या. तोंड उघडत नाही, डोळे मिटत नाहीत. बहुतेकांचे आवाज रॉजर्स स्वतःच काढत. तरीही ते राज्य तीस वर्षांहून जास्त टिकलं, आणि त्याचं श्रेय बाहुल्यांइतकंच त्या राज्याच्या वेशीला आहे.

रॉजर्स स्वतः, म्हणजे स्वेटर घातलेले मिस्टर रॉजर्स, त्या राज्यात कधी जात नसत. घरात बसून ते मुलांशी सरळ बोलत आणि म्हणत, चला, आता कल्पनेतल्या गावी जाऊ. मग एक छोटी लाल ट्रॉली रुळावरून बोगद्यात शिरायची आणि आपण पलीकडे. गोष्ट झाली की तीच ट्रॉली परत. खरं इकडे, खोटं तिकडे, आणि मध्ये वेस. मूल चार-पाच वर्षांचं असताना ही वेस नीट दिसणं फार गरजेचं असतं. आमच्या राज्यात एक मगर आहे, तिच्या वेळी ते कळेलच.

आमच्या सांगलीला बाहुल्यांचं नवल नाही. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' उभं करणारे विष्णुदास भावे कळसूत्री बाहुल्याही घडवत. पण लहान मुलांच्या हाती दोऱ्यांच्या बाहुल्या देऊ नका. अर्धा वेळ गुंता सोडवण्यात जातो आणि उरलेला रडण्यात. हातमोजा बाहुलीच घ्या.

वेस

पहिल्या दिवशी बाहुल्यांना हात लावायचा नाही. आधी राज्यात नेणारं वाहन ठरवा. आमच्या भागात यावर डोकं खाजवावं लागत नाही. उसाचा ट्रॅक्टर! दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्याने गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर प्रत्येक पोराने पाहिलेले असतात. खेळण्याचा ट्रॅक्टर घ्या, मागे काड्यापेटीची ट्रॉली बांधा, तिच्यात ज्वारीच्या ताटाचे बोटभर तुकडे ऊस म्हणून भरा.

चपलांच्या खोक्याला दोन्ही बाजूंनी कमानी कापल्या की बोगदा तयार. ट्रॅक्टरला पुढे आणि मागे असा दोन्हीकडे जाड दोरा बांधा. एक टोक पडद्यामागच्याच्या हाती, दुसरं पुढे बसलेल्याच्या. पलीकडून ओढलं की ट्रॅक्टर जातो, अलीकडून ओढलं की येतो. बोगदा थोडा लांब ठेवा. ट्रॅक्टर आत गेल्यावर एक क्षण काहीच दिसता कामा नये, कारण तेवढ्या वेळातच मुलांचं मन पलीकडे पोचतं.

आवाजही ठरलेला हवा. रॉजर्सच्या ट्रॉलीची 'बोली' जॉनी कोस्टा हे पियानोवादक वाजवत. आपल्याला घुंगुरमाळ पुरे. बैलाच्या गळ्यातली जुनी माळ घरात असेल तर उत्तमच, नाहीतर स्टीलच्या वाटीवर चमचा. जाताना जो ताल तोच येताना. तो रोज बदलू नका. मोठ्यांना त्याच त्या गोष्टीचा कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

नियम एकच आणि तो मोडायचा नाही : गेलेला ट्रॅक्टर परत आलाच पाहिजे. जेवायला हाक आली, लाइट गेली, पाहुणे आले, काहीही होवो. आधी ट्रॅक्टर परत, मग बाकीचं.

नकाशा

कार्डशीटवर मुलांकडून राज्याचा नकाशा काढून घ्या. मोठ्यांनी पेन्सिल हातात घ्यायची नाही. एक वाडा, एक घाट, एक झाड आणि एक विचित्र जागा, एवढं पुरतं. विचित्र जागा हवीच. रॉजर्सच्या राज्यात डॅनियल वाघ एका घड्याळात राहतो आणि त्या घड्याळाला काटे नाहीत, कारण कल्पनेतल्या गावात वेळ नावाची गोष्टच नाही. अशी एक गंमत सापडली की राज्य आपलं वाटू लागतं.

आमच्या नकाशात ती जागा म्हणजे पेव. सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं असत हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ती तासभर सांगतील. आजोबांना बोलवा, पोरांना ऐकवा, मग नकाशात पेव काढायला लावा. साताऱ्याकडे असाल तर अजिंक्यताऱ्याचा चढ घ्या, कासचं पठार घ्या. मुलांच्या पायाखालची जागा असली की झालं.

रहिवासी

चार पुरेत. पाचवा आला की पडद्यामागे कोपरं लागायला सुरुवात होते. प्रत्येकाचं रूप ठरवण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा : याला काय हवं आहे, आणि हा कशाला भितो. त्या ठरल्या की चेहरा आपोआप सुचतो.

सव्वाशेर महाराज. यांना सगळं आपल्या हुकुमाने चालायला हवं असतं. न विचारता काही बदललं की घाबरतात, आणि घाबरले की फर्मान काढतात.

लाजरी मगर. घाटाखाली राहते. हळू बोलते, खरं बोलते. सगळे आपल्याला भितात याची तिलाच भीती वाटते.

पिवळी मावशी. पेवात राहणारी उंदरीण, कायम हळदीने माखलेली. हिला बातमी पहिल्यांदा आपल्याकडे हवी असते, म्हणून अर्धी बातमी ही घरीच तयार करते.

भोपळेराव. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून पळून आलेला भोपळा. याला तंबोरा व्हायचं नव्हतं, तरी दिवसभर गुणगुणतो. सांगाल ते काम करतो, पण का करायचं हे विचारत नाही.

यात खलनायक नाही आणि तो मुद्दाम ठेवलेला नाही. खलनायक आला की गोष्ट 'मारा त्याला' इथं जाऊन थांबते. गैरसमज ठेवा, तो जास्त दिवस पुरतो. १९८३ च्या एका आठवड्यात रॉजर्सच्या राजाला वाटतं, शेजारचं गाव बॉम्ब बनवतंय, आणि तोही तयारीला लागतो. शेवटी कळतं की शेजारी पूल बांधत होते. पाच भागांत एकही दुष्ट माणूस नाही.

आता मगरीबद्दल. कृष्णेत मगरी आहेत, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात त्या दिसतात, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. आमच्या राज्यातली मगर लाजरी आहे, तिच्याशी गप्पा मारता येतात. घाटावरची मगर लाजरी नाही. हे मुलांना ट्रॅक्टर परत आल्यावर, स्वतःच्या आवाजात, एकदा नाही दहादा सांगायचं : "तिकडची मगर आपली मैत्रीण. इकडच्या नदीत मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाय घालायचा नाही." वेस नीट बांधली असेल तर चार वर्षांचं मूलही हा फरक बरोबर ओळखतं.

डोकं

इथं घाई करू नका. आठवडाभराचं काम आहे आणि त्यातला बराच वेळ वाळण्यात जातो.

आधी मान. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या आणि बाहुली चालवणाऱ्याच्या तर्जनीभोवती गुंडाळून नळी करा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज जावं, पण हात उलटा केल्यावर नळी गळून पडू नये. मुलाची बाहुली असेल तर मुलाचंच बोट मापाला घ्या. मोठ्याच्या बोटाने केलेली मान मुलाच्या बोटावर लटपटते आणि राजा दारू प्यायल्यासारखा डुलतो. नळीच्या खालच्या टोकाला सुतळीचे दोन-तीन वेढे देऊन चिकटवा. ही कड राहिली नाही तर अंगरखा मानेवरून निसटतो.

नळीच्या वरच्या टोकावर वर्तमानपत्राचा घट्ट बोळा बसवा आणि दोऱ्याने करकचून बांधा. मुलांच्या हाताला आठ ते नऊ सेंटिमीटर उंचीचं डोकं पुरे. मोठं केलं की मनगट दुखतं.

खळ अशी करा. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न राहू देता कालवा. चार वाट्या पाणी उकळत ठेवा, कालवलेला मैदा त्यात सोडून ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा. चिमूटभर तुरटी टाका, म्हणजे लवकर आंबत नाही. गॅसजवळचं काम मोठ्यांनीच करायचं.

वर्तमानपत्र कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाडलेली कड पातळ होते आणि एकमेकींत मिसळून जाते, कापलेली कड चेहऱ्यावर ओरखड्यासारखी दिसते. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या खळीत बुडवून, जादा खळ निपटून, आडव्याउभ्या चिकटवा. तीन थर झाले की वाळू द्या, मग आणखी दोन.

नाक, भुवया, गाल यांसाठी लगदा लागतो. जुन्या बायका कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करायच्या तीच पद्धत. वर्तमानपत्राचे तुकडे रात्रभर भिजवा, मिक्सरमधून काढा, फडक्यात घट्ट पिळा. रात्रभर भिजवलेल्या दोन चमचे मेथ्या वाटून त्यात घाला. मेथीने लगदा चिकट होतो आणि कीडही जवळ येत नाही. वरून थोडी खळ घालून भाकरीच्या पिठाइतका मऊ होईपर्यंत मळा. मेथीचा वास दोन दिवस घरात राहतो, तो सोसायचा.

नाक ठसठशीत करा. आरशात दिसतं तेवढं नाही, त्याच्या दुप्पट. दहा फुटांवरून बारीक नाक दिसतच नाही आणि चेहरा सपाट वाटतो. भुवयांची कड थोडी पुढे आणली की डोळ्यांवर सावली पडते, आणि डोकं हललं की ती सावलीही हलते. न हलणाऱ्या चेहऱ्यावर भाव बदलल्यासारखे वाटतात ते या सावलीमुळे. म्हणून चेहरा फार हसरा किंवा फार रडका करू नका. मधला ठेवा, बाकीचं मान करते.

वाळवताना डोकं काठीवर खोचून, काठी वाळूच्या डब्यात उभी करा आणि अधूनमधून फिरवत राहा. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत खडखडीत होतं. पावसाळ्यात पंख्याखाली आठवडाही लागतो. कडक उन्हात एकदम ठेवलं तर वरून वाळतं, आतून ओलं राहतं आणि चार दिवसांनी भेगा पडतात.

रंगाआधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्या, नाहीतर पोस्टर कलरमधून बातम्या वाचता येतात. डोळ्यांना शर्टाची काळी बटणं लावा. आता खुबीची गोष्ट. मुलं खाली सतरंजीवर बसतात आणि बाहुली त्यांच्या डोक्यांच्या वर असते. डोळे सरळ समोर बघत असतील तर राजा कायम मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलतो. बुबुळं किंचित खाली आणि किंचित आतल्या बाजूला आणा. चिकटवण्याआधी बटणं पिठाच्या गोळ्यावर टेकवून ठेवा, खाली बसून बघा, नजर मिळतेय असं वाटलं की मगच फेव्हिकॉल.

मगरीला आणि उंदरिणीला हेच सगळं, फक्त बोळा लांबट बांधायचा. जबडा उघडझाप करणारा करण्याच्या भानगडीत पडू नका.

अंगरखा आणि हळदीची गंमत

कागदावर मुलाचा पंजा ठेवा. तर्जनी वर, अंगठा आणि मधलं बोट दोन्हीकडे फाकलेलं. कडेने दोन बोटं जागा सोडून रेघ मारा आणि कोपरापर्यंत न्या. हा झाला बेत. जुन्या सुती साडीचे असे दोन तुकडे कापून उलट बाजूने शिवा, मग सुलट करा आणि मानेच्या कडेवर दोऱ्याने आवळा. राणी असेल तर खणाचा तुकडा शोभतो. पॉलिस्टर टाळा, हाताला घाम येतो.

महाराजांचं उपरणं मात्र पांढऱ्या सुती कापडाचं घ्या आणि हळदीत रंगवा. तुरटीच्या पाण्यात भिजवलेलं कापड दोन चमचे हळदीच्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवलं की झगझगीत पिवळं होतं. हा रंग उन्हात उडतो, म्हणून उपरणं सावलीत वाळवा. याला साबण किंवा खाण्याच्या सोड्याचं पाणी लागलं की ते तिथंच लाल होतं, आणि लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. मुलांच्या डोळ्यांदेखत राजाचं उपरणं लाल करता येतं! ही युक्ती गोष्टीसाठी राखून ठेवा.

पडदा

दाराच्या चौकटीत दोन खिळे आणि आडवी जाड साडी, एवढाच रंगमंच. साडी अशा उंचीवर बांधा की चालवणारा गुडघ्यावर बसला की डोकं पूर्ण झाकलं जाईल आणि हात वर केला की मनगटापासून बाहुली दिसेल. चालवणाऱ्यांची उंची वेगवेगळी असेल तर बुटक्याच्या गुडघ्याखाली उशी द्या, पडदा वरखाली करू नका. दिवा समोरून किंवा बाजूने हवा. पाठीमागे खिडकी असेल तर बाहुल्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

हात आणि आवाज

तर्जनी डोक्यात, अंगठा एका बाहीत, मधलं बोट दुसऱ्या बाहीत. उरलेली दोन बोटं मुठीत.

जी बाहुली बोलते तीच हलते. बाकीच्यांनी बोलणारीकडे बघत स्थिर राहायचं. हे एवढं पाळलं तर निम्मं काम झालं, कारण बाहुल्यांची तोंडं हलत नसल्यामुळे कोण बोलतंय हे मुलांना हलण्यावरूनच कळतं. नवशिके प्रत्येक शब्दाला डोकं आपटतात. वाक्यातल्या एका महत्त्वाच्या शब्दाला मान हलवा, पुरे.

बाहुली पडद्यावर एकदम उगवू देऊ नका. पायऱ्या चढून यावी तशी तीन-चार झोक्यांत वर आणा आणि तशीच खाली न्या. हात दुखायला लागला की बाहुली हळूहळू बुडते, चालवणाऱ्याला पत्ता नसतो. पुढे बसलेल्या एकाने फक्त यावर लक्ष ठेवायचं आणि बुडाली की खोकायचं.

आवाजासाठी घसा ताणू नका. चार पात्रांना चार उंचीचे आवाज काढायला गेलात तर दोन दिवसांत घसा बसेल. चाल बदला : महाराज प्रत्येक शब्द सुटा उच्चारतात, मावशी श्वास न घेता बोलते, भोपळेराव वाक्याआधी गुणगुणतो, लाजरी मध्येच थांबते. हे तुमच्याच आवाजात होतं. बोलीचाही उपयोग करा. मावशी "आवं, काय सांगू तुम्हास्नी" म्हणाली की पहिल्या ओळीत हशा, आणि महाराज पुस्तकी मराठी बोलले की दुसऱ्या ओळीत.

राजा कोणी व्हायचं यावरून भांडण होणारच. दिवस वाटून द्या. राजाची बाहुली रोज हात बदलते, त्याने काही बिघडत नाही. लाजरी मात्र एकाच मुलाकडे राहू द्या. सहसा वर्गात सर्वात कमी बोलणारं मूल ती मागतं. का मागतं हे विचारायचं नाही.

पाव्हणी

हा भाग बहुतेक जण गाळतात. पडद्याच्या पुढे, बाहुल्यांच्या बाजूला, एक खरं माणूस हवं. रॉजर्सच्या राज्यात बेटी ॲबर्लिन ही नटी लेडी ॲबर्लिन म्हणून वावरायची आणि डॅनियलशी बोलताना त्याच्या उंचीला येऊन त्याच्या डोळ्यांत बघून बोलायची. बाहुलीत जीव आला तो तिथे. समोरचं माणूस खरं मानतंय म्हटल्यावर मुलंही मानतात.

आठ-दहा वर्षांची ताई यासाठी उत्तम. तिला संवाद पाठ करायला लावू नका. प्रश्न विचार, उत्तर ऐक आणि पडद्यामागे हात कुणाचा आहे हे विसर, एवढंच सांगा. हसू आलं तर हसू दे, पण बाहुलीकडे बघून, पडद्यामागच्या दादाकडे बघून नाही.

पाच दिवसांची गोष्ट

रोज नवी गोष्ट रचायचा हट्ट सोडा. एकच अडचण सोमवारी उभी करा आणि शुक्रवारी सोडवा. रॉजर्सच्या देशभर दिसलेल्या पहिल्याच आठवड्यात लेडी इलेन राज्यातल्या जागा इकडच्या तिकडे करते. राजाला बदल खपत नाही, तो सरहद्दीवर पहारे बसवतो. आठवड्याच्या शेवटी शांततेचे निरोप बांधलेले फुगे वाड्यात उतरतात, राजा ते वाचतो आणि पहारे उठतात. रोजचा भाग आठ-दहा मिनिटांचा ठेवा, लहानग्यांना त्याहून जास्त झेपत नाही.

आमच्या सांगलीत विषय शोधायला लांब जावं लागत नाही. पाऊस लागला की घराघरात दोनच प्रश्न : कोयना धरणातून किती सोडलं, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथं पाढ्यांसारखं पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, २०२१ ला पुन्हा घरं सोडावी लागली. तेव्हा तान्ही असलेली मुलंही मोठ्यांची ती कुजबुज आजही ओळखतात. ती कुजबुज राज्यात न्या.

सोमवारी महाराजांना झोप लागत नाही. नदी वाढतेय. फर्मान सुटतं : "घाटाच्या खांबावरील आकडे पुसून टाका. आकडा दिसला नाही, की पाणी वाढणार नाही." भोपळेराव गुणगुणत जातो आणि आकडे पुसून येतो.

मंगळवारी पाणी किती, हे कुणालाच सांगता येत नाही. मावशी म्हणते पन्नास फूट, दुपारी म्हणते शंभर. जो तो गाठोडी बांधतो, सोडतो, पुन्हा बांधतो. आकडे पुसल्याने भीती कमी व्हायची तर वाढली आहे, पण हे कुणीही बोलून दाखवायचं नाही.

बुधवार गमतीचा ठेवा. पेवात ओल आली म्हणून मावशी हळद वाड्यात हलवते. महाराजांचं उपरणं त्यात पडतं, भोपळेराव ते साबणाने धुतो आणि उपरणं लाल! महाराज किंचाळतात, फर्मान काढतात, रंगावर बंदी घालतात. पाव्हणी लिंबू पिळते. मधल्या दिवशी पोट धरून हसलेली मुलं गुरुवारचं ऐकायला तयार असतात.

गुरुवारी पाव्हणी घाटावर बसते आणि लाजरी वर येते. तिला आकडे लागत नाहीत. "काल आठवी पायरी कोरडी होती. आज ओली आहे." एवढंच सांगते आणि खाली जाते. हा प्रवेश सावकाश करा. तिच्या दोन वाक्यांमध्ये जी शांतता असते ती भरून काढू नका.

शुक्रवारी महाराज पहिल्यांदा स्वतः घाट उतरतात. पाणी बघतात. "मला भीती वाटते," हे सुट्या सुट्या शब्दांत म्हणतात. मग भोपळेराव पहिल्यांदाच विचारतो, आकडे का पुसले? आणि सगळे मिळून गेरूने आकडे परत लिहितात. पाणी मात्र ओसरू देऊ नका. नदी तिथंच आहे, पायऱ्या ओल्याच आहेत. फक्त कोणत्या पायरीला सामान हलवायचं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. बाहुलीच्या हुकुमाने पूर ओसरला तर खऱ्या पावसात मूल तुम्हाला लबाड ठरवेल.

मुलं शेवट बदलू बघतील. बदलू द्या. एखादं मूल पुरात खरंच घर सोडून आलेलं असेल आणि मध्येच गप्प झालं किंवा उठून गेलं, तर गोष्ट रेटू नका. घुंगरू वाजवा, ट्रॅक्टर परत आणा, दुसऱ्या दिवशी त्याला विचारून पुढे जा. त्याला बाहुली हातात घ्यायची असेल तर घेऊ दे, नसेल तर पुढे बसून बघणंही पुष्कळ झालं.

परत आल्यावर

ट्रॅक्टर आला की पडदा सोडून पुढे या आणि आपल्या आवाजात बोला. 'यातून काय शिकलात' हा प्रश्न विचारायचाच नाही. 'महाराजांना रात्री काय वाटलं असेल?' असं विचारा आणि गप्प बसा. मूल महाराजांबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलू लागतं. तेव्हा 'म्हणजे तुलाही भीती वाटते ना?' म्हणून पकडू नका, महाराजांबद्दलच बोलत राहा. कुणी खरी माहिती विचारली, पाणी आपल्या गल्लीत येतं का, आपण कुठं जाऊ, तर मात्र खरं उत्तर द्या. कोणाच्या घरी जाणार, कागदपत्रांची पिशवी कुठं टांगली आहे, ते दाखवा.

मोबाईलवर चित्रण करायचं असेल तर एकदाच, शेवटच्या दिवशी. फोन आडवा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, स्टुलावर टेकवून. पंखा बंद, नाहीतर आवाज घरघरतो. रोज चित्रण केलंत तर मुलं बाहुलीकडे न बघता फोनकडे बघू लागतात.

बाहुल्या ठेवायला उशीचे अभ्रे घ्या, प्लॅस्टिकची पिशवी नको. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये लगद्याला बुरशी धरते. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला टाका, श्रावणात ऊन पडलं की तासभर बाहेर काढा, पण हळदीचं उपरणं तेवढं घरातच राहू द्या. नाक तुटलं तर नवीन डोकं करत बसू नका. मूठभर लगदा डब्यात कोरडा करून ठेवलेला असावा, तो भिजवून, थोडी ताजी खळ घालून तिथंच नवं नाक बसवा आणि महाराजांना नाकावर पट्टी बांधून पुढच्या सोमवारी पडद्यावर आणा. नाक कसं तुटलं हे मावशी चार प्रकारे सांगेल, आणि पुढच्या आठवड्याची गोष्ट तिथूनच सुरू होईल.